दोन सेकंद

मेहुण्यानं शारजाहून आणलेलं यंत्र
टीव्हीच्या टेबलावर बसलंय, नव्या पाहुण्यासारखं अंग चोरून.
त्याच्या पाठीत दोन पिना, लाल नि पांढरी,
दुसरी टोकं जुन्या डेकच्या पाठीत.
डेकचा पट्टा गुजरीतल्या रहीमोद्दीननं बदलून दिला.
पैसे घेईना. म्हणाला,
'उरुसाची कव्वाली निघाली तर एक कॉपी आपल्याला बी.'

सत्त्याऐंशी कॅसेटी, बुटांच्या खोक्यांत.
वर भावाचं तिरपं अक्षर:
'सेलू, उरूस, ८३.'
'केरबा गोंधळी, सोनपेठ, रात्री दोननंतर.'
एकीवर नुसतंच: 'पुसू नये.'

इथं घाई चालत नाही.
नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वदच मिनिटं लागतात,
आणि सीडीत मावतात चौऱ्याहत्तर.
म्हणजे प्रत्येक रात्रीतून सोळा मिनिटं गाळायची,
कुणाची, ते ठरवणार मी.
तीस वर्षं कृषी विद्यापीठात
शंभर दाण्यांतले उगवले किती, एवढंच लिहीत आलेला माणूस.

यंत्राला एक खोड आहे.
दोन सेकंद आवाज थांबला
की त्याला वाटतं गाणं संपलं,
लगेच पुढचा आकडा टाकतं.
आणि केरबा तर थांबणाराच गडी.
ऐन भरात संबळ गप्प करायचा,
पान थुंकायचा,
कुणाच्या लेकराला म्हणायचा, 'नीज की रं आता.'
एका गोंधळाची एकतीस गाणी झाली.
चौदावं गाणं: खोकला.
एकोणिसावं: लांबवर सायकलची घंटी.
बाविसावं: काही नाही.
त्या काही-नाहीत दीडशे माणसं
एका माणसाच्या तोंडाकडं बघत होती,
त्यांत मी होतो.
वत्सला म्हणते, 'पडू द्या आकडे. मोजायची सवय कवा जायची तुमची?'

दहा तास वीज नसते.
येते ती रात्री दीडला, म्हणून दीडला उठतो,
आणि कव्वाल 'या' म्हणायला तोंड उघडतो
तोच पुन्हा अंधार.
कॅसेट बिचारी पोटात घालायची.
कोपऱ्यातलं भोक चिकटपट्टीनं बुजवलं की पुन्हा कोरी.
सीडीला माफी माहीत नाही. एकदा लिहिलं की लिहिलं.
अशा अकरा वाया गेल्या.
भाच्यानं त्या पिंगळीच्या शेतात सुतळीला बांधल्या,
ज्वारी दुधात आली होती.
'पाखरं बसंनात, मामा,' त्याचा निरोप.
अर्धा उघडलेला तो 'या'
उन्हात गरगर फिरतोय
आणि चिमण्या पळताहेत.

'पुसू नये' मी शेवटी लावली.
खरखर.
मग एक कोवळा, घाबरलेला, छापील आवाज:
'शेतकरी बंधूंनो, ज्वारीवरील खोडमाशी...'
परभणी केंद्रावरचं माझं पहिलं भाषण.
हाताला लागली ती कॅसेट घालून
रेडिओसमोर डेक मीच लावला होता.
खोडमाशीनंतर बाजारभाव, मूग, तूर, करडी,
मग बटन बंद करायचं विसरलेल्या माणसाची
लांबच लांब खरखर,
आणि अगदी शेवटी, पट्टी संपता संपता,
माझ्या खालून निसटलेला
अर्धा मिनिट संबळ.

भाऊ कधी बोलला नाही.
ते अक्षर मी पुसण्याआधीचं, की नंतरचं?
आधीचं असेल तर मी वाचलं नाही.
नंतरचं असेल तर
त्यानं कुणाला जपलं?
भिंगातून शाई बघितली. निळी आहे. एवढंच कळलं.

सगळं झाल्यावर एक बटन दाबावं लागतं,
मग सीडी बंद होते, कुठंही वाजते.
रहीमोद्दीनची कव्वाली तशी बंद करून दिली,
तो दुकानात दिवसभर लावतो.
ही एक मी उघडीच ठेवलीय.
याच यंत्रात वाजते, दुसरीकडं नाही.
पहिलं गाणं: खोडमाशी.
दुसरं: तीस सेकंद.