तिसरं प्रूफ

खजुरी बाजारामागच्या गल्लीत
एका जिन्याखाली अंतिम मालवीय बसतो.
पाचव्यानंतर आईबापांनी ठरवलं, आता पुरे,
म्हणून अंतिम.
लग्नपत्रिका छापतो, पावतीपुस्तकं, शोकसंदेश,
आणि यंदा दिवाळीनंतर, माझं आयुष्य.
दोनशे प्रती. अठ्ठावीस हजार, निम्मे आधी.

मराठी त्याला येत नाही.
अक्षर तो वही हैं आंटी, हो जाएगा.
पहिल्या प्रूफात एकही ळ नव्हता.
सकाल झाली, पोली खाल्ली, डोल्यांत पाणी आलं.
काळ कठीण होता, असं मी लिहिलं होतं;
छापून आलं, काल कठीण होता.
नवव्या पानावर थांबले,
बल्बखाली उभी राहून त्याला ळ काढून दाखवला,
जीभ अशी मागे वळवायची.
त्यानं वळवली. लाजला.
ऐसा तो मेरी दादी बोलती थी, गाँव में.

दुसऱ्या प्रूफात एका बटणानं त्यानं सगळेच बदलले:
ळग्न. फूळ. टेळिफोन.
टेळिफोन वाचून मी हसले,
रामबागेतल्या खोलीत, रात्री अकराला, एकटीच.

एकतीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसले मी.
कानांवर पट्टी, दोन्ही हातांत दोऱ्या,
रतलाम, नागपूर, अर्जंट, लाइटनिंग.
मधे बोलायचं नाही. फक्त एवढंच:
तीन मिनट हो गए, बढ़ाऊँ?
तीन मिनिटांत लोक रडून घ्यायचे, भांडून घ्यायचे,
कापसाचा भाव विचारून घ्यायचे.
खंडव्याचा एक जण दर शनिवारी
नुसताच श्वास घ्यायचा, पूर्ण पैसे भरून,
आणि इकडची बाईही ठेवायची नाही.
हे सगळं आहे पुस्तकात, प्रकरण सहावं.
ज्यांचं ऐकलं, त्यांची नावं बदलली.
माझ्यात बदलण्यासारखं काही नव्हतं,
निदान तसं वाटलं होतं.

तिसरं प्रूफ बरं निघालं.
बिचाऱ्यानं एकेक शब्द तपासला होता.
तरी एकशे चौदा खुणा झाल्या;
लाल रिफिल संपली, पुढच्या निळीनं केल्या.
मग पान एक्केचाळीस.
सासरच्या वंशावळीनंतर, परिच्छेद संपवायचा म्हणून
मी सहज लिहिलं होतं:
आम्ही इंदूरला आलो, मूळ धारलाच राहिलं.
त्यानं टाइप केलं होतं:
आम्ही इंदूरला आलो, मूल धारलाच राहिलं.

अकरा दिवसांची होती.
बारशाला एक दिवस कमी.
एवढ्या लहानांना जाळत नाहीत.
तळ्याच्या अंगाला ठेवलं, वर दगड.
कुठला दगड, ते विचारलं नाही कुणाला;
मी बाळंतीण, खोलीच्या बाहेर यायचं नव्हतं.

दोनशे बारा पानं.
सायकल आहे, युनियन आहे, ह्यांचं पिणं आहे,
मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा आहे, डाव्या डोळ्याचं.

निळ्या पेनाला टोपण लावलं.

सोमवारी अंतिम पानं उलटत होता.
एक्केचाळीसवर बोट ठेवून थांबला.
शिकला होता आता.
आंटी, ये एक आपसे छूट गया.
म्हटलं, रहने दे.
गलत है पर.
हाँ. रहने दे.

त्यानं खांदे उडवले, शेवटच्या पानावर गेला.
प्रकाशक: मी.
मुद्रक: तो.
आवृत्ती पहिली (दुसरी कोण काढतंय).
एक जागा रिकामी होती.
मूल्य? त्यानं विचारलं.

जिन्यावरून कुणीतरी गॅसची टाकी उतरवत होतं,
तरी मला नीट ऐकू आलं होतं.
म्हटलं, फिर से बोल.