सहाच्या आत

अजनीच्या डेपोत, मे महिन्यात, दुपारी दोनला
कंटेनरचं सील तोडलं
तर आतून थंडी वासासारखी बाहेर आली.

राळेचा वास होता तो.
हेडाऊ म्हणाला, मॅडम, फिनाइल सांडलं का कुठं?
एजंटाचा पोरगा. कागदं पोटाशी धरून उभा,
घामानं शिक्क्याची शाई त्याच्या शर्टावर उमटलेली,
उलटी.

कागदावर लिहिलंय:
स्प्रूस, सूचिपर्णी, विनिअरचे ताव,
बंडलं एकशे बारा,
जाडी सहा.
नुसता सहा. पुढं टिंब नाही, शून्य नाही,
मिशीवर ताव देऊन बसलेला.

सहापर्यंत चव्वेचाळीस शून्य आठ.
सहाच्या वर केसभर गेलं
की चव्वेचाळीस शून्य सात,
मग तो पापुद्रा राहत नाही, चिरलेलं लाकूड होतं.
झाड तेच. त्याला कुणी विचारलेलं नाही.

बंदरावरच्या कुणीतरी, कोपऱ्यात, पेन्सिलीनं:
सहा पूर्णांक शून्य सहा. सही वाचता येत नाही.
माझा मायक्रोमीटर म्हणतो
पाच पूर्णांक चौऱ्याण्णव.
दुसरा ताव, पाच त्र्याण्णव.
तळातला, पाच शहाण्णव.
पुसून परत घेतलं. तेच.

कोण खोटं?
समुद्राकाठी ओल होती, तो फुगला.
इथं रुळांलगतच्या शेडखाली सेहेचाळीस अंश,
कूलरचं टाकं दोनदा कोरडं पडलेलं,
तो आटला.
खोटं कुणीच नाही, आणि फॉर्मवर चौकट एकच.

हेडाऊ वाकून बघतो. हे त बसते न सहात?
बसते, मी म्हणते.
मंग लिवा न.

बाबा लकडगंजात, वालजीभाईच्या आरामशिनीवर.
बल्लारशाहचं सागवान यायचं तिथं, फळ्या निघायच्या,
आणि बाबा जाडी बघायचे तेंदूच्या पानांनी:
खिशातली बिडीची पानं कडेला लावून, दोन पानं, तीन पानं.
वालजीभाईकडं फूटपट्टी होती. भांडण झालं की पानं जिंकायची.
वालजीभाई लाकूड घ्यायचा वैशाखात, विकायचा श्रावणात.
मधल्या दोन महिन्यांत काहीही न करता
गोदामात पैसा फुगायचा.
बाबांना हे माहीत होतं.
पगार मात्र बारा महिने तेवढाच.

मी तावाची कड उजेडाकडं धरते.
सहा मिलिमीटरांत बारा रेघा, मोजल्या.
बारा वर्षं. बारा हिवाळे, एकमेकांना चिकटून.
म्हणजे सहा शतांश, ज्यावर माझी सही अडलीय,
म्हणजे त्या झाडाचा
दीड महिना.
कुठल्याशा देशात, कुणी बघत नसताना
त्यानं दीड महिना जास्त उभं राहून काढला
आणि तो इथं आमच्या टेबलावर
शीर्षकाचा प्रश्न होऊन आला.

वर कावळा पत्र्यावर पाय उचलून उचलून चालतोय.

लिहिलं शेवटी:
प्रत्यक्ष मोजमाप पाच पूर्णांक चौऱ्याण्णव.
चव्वेचाळीस शून्य आठ, दहा.
दिनांक घातला. आणि नियमात कुठं नाही तरी,
शेऱ्यात, तापमान.
साहेबांनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं,
हे कशाला?
मी म्हटलं, सर, असू द्या.

हेडाऊ गेला. मोटारसायकलची सीट तापलेली,
अर्धवट उभा राहून हिंगण्याकडं निघाला.

एक पट्टी, चार बोटांची, नमुना म्हणून ठेवली.
खाकी पाकीट, दोन पिना, लाख.

ऑगस्टात दुसरं काही शोधताना हाताला लागलं.
कपाटाच्या दाराला बुरशी, फाइली मऊ.
मायक्रोमीटर टेबलावरच होता.
लाख फोडली नाही.
पाकीट फक्त बोटांत धरून पाहिलं,
आणि ते मेपेक्षा
जरा घट्ट लागलं.