मनगट

आली तेव्हा हातांत बारा बांगड्या होत्या,
हिरव्या काचेच्या, एक तडकलेली.
काच वॉर्डात चालत नाही.
साबण लावून एकेक उतरवली मी
आणि लिफाफ्यावर लिहिलं:
रामश्री, डबरा, बांगड्या बारा, पैकी एक तडकलेली.
नोंद चोख होती.
नवरा असलेल्या बाईला विचारायचं मात्र राहिलं
की उतरवू का.

ती रात्र जानेवारीतली.
ग्वाल्हेरचं धुकं असं, की खिडकीतून
किल्लाच कुणी उचलून नेलेला.
एकेचाळीस खाटा, आम्ही दोघी,
आणि रामश्री जाळीवर कपाळ आपटत होती.
उशी मध्ये धरली, नावानं हाक मारली, सगळं केलं.
डॉक्टर फोनवर म्हणाले, बांधा.

बांधायचं कसं ते मीच शिकवते मुलींना.
आधी कापूस, मग पट्टी,
पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.
दर पंधरा मिनिटांनी नखांचा रंग बघायचा, हात गार आहे का,
पाणी हवं का, लघवीला जायचंय का.
दोन तासांवर एक मिनिट नाही.
दोन तासांवर एक मिनिट गेलं नाही.

पहाटे चारला, एका बैठकीत, एकाच पेनानं
मी आठ ओळी भरल्या:
बारा वाजता शांत.
सव्वाबाराला शांत.
साडेबाराला शांत.
पुढचंही तेच.

मी तिकडे गेलेच नव्हते.
पलीकडे सोळा नंबरला झटका आला होता,
हे खरं आहे, आणि तरीही.
मला ऐकू येत होतं: जिज्जी, पानी.
जिज्जी.
मग ऐकू येईनासं झालं.
त्यालाच मी शांत म्हटलं.

सकाळी मनगटावर निळसर वळ होता,
बरोबर बांगड्यांच्या जागी.
तिचा भाऊ आला गजकचा डबा घेऊन,
हळूच म्हणाला, गोली इसी में मिला दो, सिस्टर,
सांगून ती घेत नाही.
मी म्हटलं, नाही.
आज गजकमध्ये मिसळली तर उद्या ती भाकरीवरही
विश्वास ठेवणार नाही. आम्ही तिलाच विचारू,
नाही म्हणाली तर परत विचारू.
त्यानं मला हात जोडले.
इतकं ओशाळं मला कधी वाटलं नव्हतं.

मी रजिस्टर उघडलं.
खोडलं काहीच नाही. खाली लिहिलं:
वरील आठ नोंदी खऱ्या नाहीत. मी पाहिलं नव्हतं.
सही, तारीख, वेळ.
मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाल्या, हे कुणी मागितलं होतं का तुला?

मग रामश्रीपाशी जाऊन बसले.
सांगितलं, पाणी मागितलंस, मी आले नाही.
ती माझ्याकडे बघेना.
बऱ्याच वेळानं विचारलं तिनं,
बारहों धरी हैं न?
धरी हैं, मी म्हटलं.
माफ केलं असं ती म्हणाली नाही,
आणि मी तसं समजतही नाही.

फेब्रुवारीत चित्रकलेच्या तासाला
तिला हिरवं स्केचपेन मिळालं.
कागद कोरा ठेवून तिनं
मनगटाभोवती रेघा ओढल्या, सावकाश,
बारा.
एक मध्येच तोडलेली.
अंघोळीत पुसल्या जात, दुपारी ती पुन्हा काढी.

अंजुम नवी आहे, दुसऱ्या वर्षाची.
विचारते, हे पण लिहायचं?
लिही. हिरव्या रेघा बारा, स्वतः काढल्या.
खूश दिसते असं नको लिहूस.
दिसलं तेवढंच.

आज रात्री तीच आहे माझ्याबरोबर.
राउंड मारून आली, शाल गुंडाळून बसली,
पेनाचं टोपण काढलं. म्हणाली,
सगळे शांत आहेत, मॅडम.

मी विचारलं, सत्तावीस नंबरचा श्वास बघितलास?

तिनं टोपण लावलं.
टॉर्च घेतली.
दारापर्यंत गेल्यावर मी म्हटलं,
उजेड जमिनीवर ठेव गं,
डोळ्यांवर नको.