डुकराला पापण्या आहेत

प्लायवूड उचकटलं तेव्हा आधी निघाला
तंबाखूच्या रंगाचा, वाळून खडखडलेला डिंक,
मग बैलाचं एक शिंग,
मग मेंढी, निळ्या कुरणात पोटापर्यंत,
आणि सिंक बसवायचं होतं नेमकं तिथे
डुक्कर.

बर्स्लेममधलं हे जुनं खाटकाचं दुकान
मी घेतलं ते भाडं झेपलं म्हणून.
ओटकेक विकायचे होते. म्हणजे आपलं धिरडंच,
ओटच्या पिठाचं, रात्रभर फुगलेलं, जाळीदार,
आत बेकनऐवजी मटकीची उसळ.
आईने गडहिंग्लजहून व्हिडिओवर पाहिलं.
"शाकाहारी दुकानात हे ध्यान कशाला? चुना फास त्याला."
टाइलवर चुना धरत नाही, आई.
"मग कॅलेंडर टांग."

कोलक्लफ आला. वय बाहत्तर,
गुडघ्यांवर रबराच्या वाट्या बांधलेल्या.
मडकं घेताना वाजवून बघावं
तशी त्याने टाइलन् टाइल वाजवली,
बद्द बोलली तिथे खडूने फुली.
एकवीस फुल्या.
"या बदलू. पांढऱ्या मिळतात."
मी म्हटलं, कुठला पांढरा?
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग मी फ्रीज उघडला, काउंटरवर मांडल्या
दूध, ताक, साय,
ओल्या खोबऱ्याचा कीस,
आणि माझंच दुपारचं जेवण, गार झालेली पेज.
एकेक वाटी भिंतीशी धरून, चष्मा कपाळावर सारून
त्याने बराच वेळ घेतला.
बोट ठेवलं ते पेजेवर.

चहा पिताना म्हणाला,
त्याची मावशी एडना टाइलच्या कारखान्यात रंगवायची.
मजुरी डझनावर.
ही भिंत तिचीच असं नाही, पण हात सगळ्याजणींचे तसेच.
"ही वेलाची किनार बघ. ताठ पानं सोमवारची.
इथून पुढे कलंडायला लागली, म्हणजे शुक्रवार."
मग टॉर्च खाली नेला, डुकराच्या डोळ्याशी.
तीन पापण्या.
कुंचल्याचा एकच केस उरला असावा इतक्या बारीक.
बैलाला नाहीत. मेंढीलाही नाहीत.
"पापण्यांचे वेगळे पैसे नव्हते,"
तो म्हणाला, आणि कप विसळायला उठला.

मिसेस बॅगनल तपासणीला आल्या, फाइल छातीशी धरून.
भिंत गुळगुळीत हवी, धुता यायला हवी,
भेग नको.
या टाइलींवर तर साईवर पडावी तशी
बारीक सुरकुत्यांची जाळी.
त्यांनी नखाने चाचपली, वाकून पाहिली,
वाकलेल्याच राहिल्या थोडा वेळ.
"तवा दुसऱ्या भिंतीला न्या.
हे गिऱ्हाइकांच्या बाजूला राहू द्या."
फाइलमध्ये काय लिहिलं ते दाखवलं नाही.

तव्यामागे मग साध्या टाइल, बिनचित्राच्या.
कोलक्लफ बजावत होता, सांध्यात इपॉक्सी भर,
मी स्वस्तातलं सिमेंट भरायला लावलं.
मार्चपर्यंत सांधे पिवळे,
हळद कुणाचं ऐकते?
ब्लीच झालं, सोडा झाला, लिंबू झालं, जुना ब्रश झाला.
दर गुरुवारी तो येतो, डुकराखालच्या टेबलाशी बसतो,
समोरच्या सांध्यांकडे बघतो,
काही बोलत नाही,
उसळ जास्त घालायला सांगतो.

आई फोनवर विचारते, थंडी किती, गल्ला किती.
मग जरा थांबून,
"आणि ते?"
आहे, म्हणते मी. पुसलं सकाळीच.

सोमवारी माझे ओटकेक ताटलीसारखे गोल येतात.
शुक्रवारी रात्री, बंद करायच्या आधीचे पाच-सहा
एका बाजूला ओघळतात.
देते तसेच.