जाऊन राहिली

काउंटरच्या काचेखाली अजून आहे तो बर्फ:
सात रात्री, आठ दिवस, नाश्ता धरून,
शिखरापर्यंत रेल्वे, रात्री शाकाहारी जेवणाची सोय.
इतक्या उन्हाळ्यांत डोंगराचा निळा रंग उडाला,
आता तो कोराडीच्या राखेच्या ढिगासारखा दिसतो.

पराते ट्रॅव्हल्स, गांधीबाग. बाबांनंतर मी.
अर्ध्या इतवारीला मी विमानात बसवलं,
लोणच्याच्या बरण्या कशा गुंडाळायच्या ते शिकवलं,
सोनेगावच्या गेटापर्यंत सोडून आली,
आत कधी गेली नाही.
दुकान कोण पाहील, हा एक प्रश्न होता.
दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मग धुराचं पासबुक आलं, हिरव्या पुठ्ठ्याचं.
माणशी, वर्षाला सहाशे किलो.
पानठेल्यावर लोक हसले,
धूर का तोलाची चीज हाय, बाप्पा?
मग एक मे महिना आला आणि गेलाच नाही,
जुलैपर्यंत इथेच बसून होता, सत्तेचाळीसवर.
हसणं थांबलं.
माझी गिऱ्हाइकंही.

फक्त ढोबळे मास्तर आणि हेमलताबाई
दर दिवाळीला यायची, किती किलो साठले ते बघायला.
एसी विकला, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या,
स्कूटर भाच्याला दिली. बर्फ पाहायचा होता.
नवव्या वर्षी मास्तर गेले.
हेमलताबाई दोन्ही पासबुकं घेऊन आल्या:
यांचं माझ्यात वळवता येतं का हो?
नाही येत. नियमच आहे, धूर वारसानं मिळत नाही.
त्या बोलल्या, अगंबाई,
आपल्याले तर वारसानंच भेटला.

त्याच आठवड्यात खापरे वकील:
तुझं पासबुक कोरं आहे म्हणतात. भाव बोल.
नातवाला हिमनग दाखवायचा आहे,
संपायच्या आत.
वाईट माणूस नाही. खरंच नातवासाठी मागत होता.
मी ड्रॉवर उघडला, पासबुक हातात घेतलं,
माझ्या नावावरचा
इतका सगळा न पेटलेला धूर.
परत ठेवलं. म्हटलं, विचार करते.

संध्याकाळी झीरो माइलच्या खांबापाशी गेली.
लहानपणापासून वाचत आली तीच नावं:
जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल.
पॅरिस नाही. झुरिक नाही.
चार घोडे निघायच्या पवित्र्यात,
केव्हापासून, कोण जाणे.
कुठे जायचं हे त्यांना एका दुकानदाराने सांगावं
असं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं.

छिंदवाड्याच्या गाडीला दोघींचे मिळून चार किलो.
हेमलताबाईंनी तर्रीचा डबा आणला, पोहे वेगळ्या डब्यात,
भिजू नयेत म्हणून.
सौंसरला संत्री घेतली, आंबट निघाली,
तरी खाल्ली. भीमालगोंदीकडे चढ लागला,
सागाची पानझड, खाली कुठेतरी वाळूची नदी,
मी खिडकीतून ते सगळं तसं पाहत होती
जसं मी लोकांना पाहायला सांगत आली.
येत नव्हतं नीट. सवय नाही.

मग बोगदा.
अंधार झाला आणि दगडातला गारवा डब्यात शिरला,
खरोखरचा गारवा, दमट, वटवाघळांच्या वासाचा.
हेमलताबाईंनी पिशवीतून लोकरी शाल काढली,
बर्फासाठी घेतलेली, दहा वर्षांपूर्वी,
किमतीची चिठ्ठी अजून टोकाला लोंबत होती.
अर्धी माझ्या खांद्यावर टाकली.

उजेड आला तेव्हा समोरची बाई आमच्याकडेच बघत होती.
उन्हाळ्यात शाल! कुठं जाऊन राहिल्या हो?

तीस वर्षं मी हा प्रश्न विचारला, पावती पुस्तक उघडून.
आज पहिल्यांदा ऐकू आला.
जाऊन. राहिल्या.
आमच्या बोलीला दोन्ही एकाच दमात जमतं,
मला काय कळायला इतका वेळ लागला?

छिंदवाड्याले, मी म्हटलं. जाऊन राहिली.
आणि शालीत हात घातला तर
दुकानाची किल्ली लागली,
कुलूप लावलं होतं की नाही,
काही केल्या आठवेना.