सांधे भरणारा

डबीवर नाव: शरणप्पा कट्टीमनी, वय सत्तेचाळीस.
उजवा गुडघा. आतलं अस्तर.
धंदा लिहायला फॉर्मवर जागा नसते,
तरी कडेला कुणीतरी पेनानं खरडलंय: फरशी बसवणे.

तुकडा तुरीच्या डाळीएवढा,
फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर राहून फिकटलेला.
मी त्याला मेणात बसवते, मायक्रोटोमचं चाक फिरवते,
पात्याखालून फीत निघते चार मायक्रॉनची
आणि कोमट पाण्यावर पसरते सायीसारखी.
फुंकर लागली तरी चुरगळेल.
खाली रास्ता पेठेत रिक्षा हॉर्नवर हॉर्न देतात,
वर मी श्वास धरून काचेवर साय उचलते.
मग जांभळं, मग गुलाबी.
मग भिंग.

नवी होते तेव्हा वाटायचं,
शरीरात जिथे अस्तर तिथे पेशी फरशीसारख्याच:
काठाला काठ, खाली पक्का थर.
आतड्यात असतात तशा. गालात, मूत्राशयात.
सांध्यात नाहीत.
इथे खाली कोबाच घातलेला नाही.
पेशींची एक ओळ, कुठे दोन,
एकमेकींना न धरता बसलेल्या,
रविवारी सारसबागेच्या हिरवळीवर बिऱ्हाडं बसतात तशा,
मध्ये जागा सोडून.
त्या जागेतूनच रक्तातलं पाणी झिरपत सांध्यात येतं.

केरमानी मॅडम म्हणतात, यांत दोन प्रकार.
एक झाडणाऱ्या, कूर्चेचा भुगा गिळून
पोटात पोकळ्याच पोकळ्या झालेल्या.
दुसऱ्या लांबट, चिकट रस करत राहणाऱ्या.
झाडणाऱ्या बाहेरच्या, मज्जेतून आलेल्या,
असं जुनी पुस्तकं सांगतात.
नवी म्हणतात, छे, गर्भापासून इथल्याच.
माझ्या भिंगाला कोण कुठली ते कळत नाही.
दोघी सारख्याच जांभळ्या.

धडधाकट गुडघ्यातला रस मॅडमनी एकदा दाखवला होता
हातमोज्याच्या दोन बोटांत ताणून:
एकतारी पाक.
तेव्हापासून रव्याचे लाडू करताना
माझा हात थबकतो.
शरणप्पाच्या सिरिंजमध्ये नुसतं पिवळट पाणी.
तार धरेचना.

आणि काचेवर
मी थर मोजते: आठ, नऊ, एका ठिकाणी अकरा.
खाली मोहरीची वाटी लवंडावी तसे गडद ठिपके.
पेशींवर पेशी. मधल्या जागा
सगळ्या बुजलेल्या.

तो गुरुवारी आला.
गुरुवार, म्हणून लाइट नव्हती, म्हणून लिफ्ट नव्हती.
दोन जिने चढला, प्रत्येक पायरीवर
दोन्ही पाय जुळवून, मग पुढची.
पाकीट न उघडता शर्टाच्या आत घातलं
आणि काउंटरखाली बघत राहिला.
अंगठ्यानं दाखवलं: "इथं सांधा भरलाच नाही कुणी.
पाणी खाली जातंय, ताई."
मी म्हटलं, "मग मुळात फट ठेवतातच कशाला?"
पहिल्यांदा हसला.
"ठेवावं लागतंय. दोन सूत.
उन्हात फरशी फुगते. चिकटून चिकटून बसवलं तर
चैतात आपोआप उचलते बघा,
रात्री फट्कन आवाज होतोय, घरातले घाबरतात."

मला त्याला सांगायचं होतं,
काय ते नीट जुळेना.
की तुमच्या आतही कुणीतरी दोन सूत सोडलं होतं.
की ते कुणी, का बुजवलं,
हे त्या पाकिटात लिहिलेलं नाही,
नुसते थर लिहिलेत.
"गुडघे टेकायचे का आता नाही टेकायचे?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

तो उतरला. उतरताना जास्त वेळ लागला.
इन्व्हर्टर फक्त फ्रिजपुरता, भिंगात काळोख.
मी काच खिडकीकडे धरली:
नखाएवढा गुलाबी डाग,
साध्या डोळ्यांना ना थर दिसत ना फट.
जिन्यात अजून आवाज येत होता,
एक पाय. दुसरा.
थांबला. मग पुढची पायरी.