करकर नको

भाडं मागायला म्हणून जिना चढलो होतो.
दोन महिने थकलेलं, डिसेंबर आणि जानेवारी.
खिशात पावतीपुस्तक, तोंडात जुळवलेलं वाक्य.

माझ्या वर्कशॉपच्या डोक्यावरचा हॉल,
जिथं आधी पापडाचं मशीन होतं
आणि ऊन तापलं की अजून
भिंतींना हिंगाचा वास सुटतो,
तिथं सात बायका आणि सहा पुरुष
एकमेकांना धरून
उलटी प्रदक्षिणा घालत होते.
मधे देव नव्हता. एक टेबलफॅन होता.

एस्तेर बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात.
एक माणूस कमी पडतोय. चप्पल काढा."

लॅपटॉपमधून कुणी परक्या भाषेत रडत होतं,
साथीला पेटीचीच एखादी चुलत बहीण,
दमेकरी.
म्हणे टँगो.

तेहतीस वर्षं लेथवर आहेत हे हात.
जॉबवरनं बोट फिरवून सांगतो
केसाच्या कितव्या भागानं जास्त आहे.
पण चौगुले मॅडमच्या पाठीवर
(एलआयसीत असतात त्या)
पंजा किती टेकवायचा, याचं माप
अख्ख्या उद्यमनगरात कुणाकडं नाही.
घट्ट धरला की त्या थांबतात.
सैल सोडला की हरवतात.
पहिल्याच दिवशी गेलो त्यांच्या अंगठ्यावर,
दोनदा, त्याच अंगठ्यावर.
"असू दे," म्हणाल्या, "हप्ता भरला समजते."

बाई सांगतात, पाय नंतर, आधी छाती जाऊ दे.
आता कोल्हापुरात छाती काढून चालणाऱ्यांना
काय तोटा आहे?
पण ही वेगळी.
ही पुढं जायच्या आधी विचारते.

आणि सांगतात, थांबणं ही पण स्टेपच.
बंद मशीनचे पैसे कोण देतं बाई,
मी मनात.

घरी मालन विचारते, "दिलं का भाडं?"
"शनिवारी देते म्हणाल्या."
हे खोटं नाही.
त्या दर शनिवारी तसंच म्हणतात.

मग बूट. रबरी तळ फरशीला चिकटतो,
चामड्याचा पाहिजे.
सुभाषनगरात सातपुत्यांनी
कागदावर माझा पाय उभा करून
पेन्सिल फिरवली.
"करकर किती काढू? विंचू घालू दोन?"
"नको. मुका पाहिजे."
पेन्सिल कानावर ठेवून
ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
पैसे देऊन आवाज नको म्हणणारं गिऱ्हाईक
त्यांच्या तीन पिढ्यांत आलं नव्हतं.

आज बाई म्हणाल्या, बदला.
बायका नेतील. पुरुषांनी मागं चालायचं,
डोळे मिटून.

मागं म्हणजे मी आयुष्यात
फक्त टेम्पो घेतलाय,
तोही पोरगं "येऊ दे, येऊ दे"
म्हणून पत्र्यावर थापटत असताना.

चौगुले मॅडमचा हात पाठीवर.
सुपारी ठेवावी एवढंच वजन.
मागं पाय टाकला. तिथं जमीन होती.
परत टाकला.
परत होती.
खांदे कधी उतरले कळलं नाही,
वीज गेल्यावर पट्टा आपोआप
संथ संथ होत जातो, तसे.
कुणीतरी मला नेत होतं
आणि माझ्याकडं काही हिशेब नव्हता.

तेवढ्यात खाली, जिन्यावर
करकर.

चौदा पायऱ्या. मीच टाकल्यात, स्लॅबच्या वेळी.
ही करकर मी लेथ चालू असतानाही ओळखतो.
चार. पाच.
पावतीपुस्तक आज खिशात नाही,
टीव्हीवर राहिलं.
म्हणजे, तिथं होतं.
आठ.
मॅडमना काय माहीत, त्या मला
सावकाश, अगदी बरोबर तालात
दाराकडंच घेऊन चालल्यात,
माझी पाठ पुढं करून.
अकरा. बारा.

मी थांबतो.
त्या पण थांबतात.

तेरा.